घोडीचे पाय धरताना

मराठीत ‘पाय धरणे’ म्हणजे क्षमा मागणे किंवा गयावया करणे. नालबंदाच्या हाताखाली काढलेल्या पहिल्या सहा महिन्यांत मी हा वाक्प्रचार शब्दशः आणि अर्थशः अशा दोन्ही प्रकारे, दिवसातून आठ-दहा वेळा, अमलात आणला. उस्ताद नाल ठोकत आणि मी पाय धरत असे. पाय घोड्याचे असत आणि गयावयाही त्यालाच करावी लागे.

आमचे घर माथेरानचे आणि धंदा घोड्यांचा. येथे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तेथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर पर्यटक घोड्यावर बसून किंवा घोडेवाल्याशी घासाघीस करत पायी येतो. हल्ली ई-रिक्षाही आली आहे, पण तो विषय आमच्या घरी जेवताना काढत नाहीत. जांभ्याच्या तांबड्या वाटा लोखंड खातात, त्यामुळे नाल झिजतो. झिजला नाही, तरीही पाच-सहा आठवड्यांनी तो काढावाच लागतो, कारण खूर दरमहा साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो आणि नाल मात्र आहे तेवढाच राहतो. मी बी. कॉम. झालेला असल्यामुळे मला हे चटकन कळेल अशी वडिलांची समजूत होती. घसारा मी शिकलो होतो. परंतु एकाच मालमत्तेचा तळ झिजत असताना वरचा भाग वाढत राहतो, अशी नोंद कोणत्या खात्यात करावी हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

आमच्या तीन घोड्यांपैकी बिजली ही घोडी नावाशी पूर्णतः विसंगत, शांत आणि विचारी आहे. पाय उचलण्याची रीत अशी, की खांद्यापासून हात खाली सरकवत न्यावा, टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच दाब द्यावा आणि ‘पाय’ म्हणावे. बिजली लगेच पाय देते. त्यानंतर ती उरलेल्या तीन पायांचा हिशेब करते, चौथा पाय म्हणून माझी नेमणूक करते आणि आपल्या सुमारे साडेतीनशे किलो वजनातला माझा रास्त वाटा माझ्या हाती सोपवून डोळे मिटते. पहिल्या आठवड्यात मला वाटले की हा तिचा स्नेह आहे. दुसऱ्या आठवड्यात माझ्या पाठीने वेगळे मत नोंदवले.

दोष माझाच होता, हे उस्तादांनी तीन महिन्यांनी सांगितले. तोवर ते बहुधा मी पळून जातो की काय याची वाट पाहत असावेत. मी उंच असल्यामुळे मला सोयीचे पडेल इतका वर आणि बाहेरच्या बाजूला पाय ओढत असे, त्यामुळे घोडीच्या खांद्याला ताण पडे आणि ती बिचारी तोल सावरायला माझ्यावर रेले. “तुझी कंबर तिच्या उंचीला आण, तिचा पाय तुझ्या उंचीला नको आणू,” असे म्हणून त्यांनी मला कोपरापासून खाली दाबले. तेव्हापासून मी काटकोनात काम करतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही बराच वेळ त्याच कोनात असतो.

पुढचा पाय धरताना आपले तोंड घोड्याच्या शेपटीकडे असते, म्हणजे आपली पाठ आपोआप त्याच्या तोंडाकडे जाते. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असे म्हणतात. घोड्याच्या पुढे वाकून उभे राहण्याबद्दल मात्र पूर्वजांनी काहीही लिहून ठेवलेले नाही. बिजलीने माझ्या मागच्या खिशातला रुमाल काढून घेणे हा एक नित्यनेम झाला, आणि ज्या दिवशी खिशात रुमालाऐवजी चणे होते, त्या दिवशी तिने खिसाही काढून घेतला.

सहा महिन्यांनी माझ्या हाती कानस आली. मी एक नाल ऐरणीवर ठेवून खुराच्या मापाचा करू लागलो. फाकवला तर फार फाकला, मिटवला तर फार मिटला, आणि चौदाव्या प्रयत्नानंतर त्याचा आकार कोणत्याही प्राण्याच्या पायाशी जुळेनासा झाला. तेव्हा मी दुसरा नाल घेऊन खुरावर ठेवला आणि पुढच्या बाजूला खुराचा जो भाग नालाबाहेर डोकावत होता, तो कानशीने घासून टाकला. नाल आणि खूर अगदी एकरूप दिसू लागले. उस्तादांनी ते पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले. “चप्पल बसेना म्हणून बोटे तासतात का रे कुणी?” एवढेच ते म्हणाले. खुराला पुढून एक सपाट खाच पडली होती, आणि खूर वरून खाली वाढून पुढच्या बाजूने पूर्ण नवा यायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणजे माझी चूक वर्षभर साऱ्या माथेरानच्या नजरेसमोर चालत फिरणार होती.

खिळ्याची गोष्ट त्याहून नाजूक आहे. नालाच्या खिळ्याच्या टोकाला एका अंगाने उतार दिलेला असतो. तो उतार आतल्या बाजूला ठेवला की खिळा वळत वळत बाहेर निघतो, आणि उलटा धरला की आतल्या जिवंत भागाकडे जातो. समोरच्या बाजूला खुराची भिंत जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची असते, आणि खिळा तिच्या आतल्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरच राहायला हवा. हे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येते: कठीण खुरात खिळा खणखणीत वाजतो, मऊ भागाजवळ गेला की आवाज बसतो. मी महिनाभर घरच्या जुन्या पाटावर खिळे ठोकून कान तयार केले, आणि त्या पाटावर बसायला आलेल्या पाहुण्यांनी त्याचे परिणाम भोगले. तरीही बिजलीच्या खुरात मी तिसरा घाव घातला, तेव्हा वीस पावलांवर चहा पीत बसलेल्या उस्तादांची बशी हवेत थांबली. “काढ,” ते म्हणाले. मला तोवर काहीही ऐकू आले नव्हते. खिळा कोरडा निघाला, रक्त नव्हते. फक्त माझे हातपाय गार पडले होते. बाहेर आलेले टोक ताबडतोब पिळून मोडायचे असते, हे मात्र मला कोणी सांगावे लागले नाही. घोडीने मधेच पाय ओढला की ते टोक कुठून जाते, याची साक्ष माझ्या दोन पँटी देतील.

या काळात मी ठोकलेले नाल सुटूनही पडत. याचा एक अनपेक्षित लाभ झाला. शनीच्या पीडेवर उपाय म्हणून काळ्या घोड्याचा नाल मागणारे पर्यटक येथे नेहमीच येतात, आणि जाणकारांच्या मते तो आपोआप गळून पडलेला असेल तर अधिक गुणकारी ठरतो. आपोआप गळून पडलेले नाल त्या हंगामात आमच्याइतके कोणाकडेच नव्हते. अडचण एवढीच होती, की आमचे तीनही घोडे कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचे, आहेत. मी प्रामाणिकपणे तसे सांगत असे, आणि वडील मला आत पाणी आणायला पाठवत असत.

गेल्या महिन्यात बिजलीचा खूर छाटताना ती खाच अखेर तळाशी आली होती. अकरा महिने ती दर खेपेला थोडी थोडी खाली सरकताना मी पाहिली होती, आणि उस्तादांनीही, न बोलता. मी सुरी फिरवली, चतकोर भाकरीएवढा कपचा खाली पडला. आमचे कुत्रे खुराच्या कपच्यांसाठी नेहमीच टपून असते; त्याने तो उचलला, जांभळीखाली नेला आणि दोन्ही पंजांत धरून कुरतडायला बसले. मी नाल बसवला, पहिला खिळा ठोकला आणि उस्तादांकडे पाहिले. ते चहा पीत होते. बिजलीने मात्र तेवढ्यात माझ्या मागच्या खिशाची चाचपणी सुरू केली होती.