रिमला स्क्रू मारून टायर थांबत नाही

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यात जे केलं, ते पाहिल्यावर पाण्यात आणि चिखलात चालणारी एखादी गाडी आपल्या भागात असावी असं कुणालाही वाटेल. त्याच्या थोडं आधी पंजाबच्या पुरात लष्कराची ‘एटोर’ ही मोठ्या फुगीर टायरांची, पाण्यातही चालणारी गाडी माणसं बाहेर काढताना सगळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून सोलापूरच्या शेतीच्या आणि गॅरेजवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जुन्या चेसिसवर सहा-आठ फुगीर टायर चढवा, हवा अगदी कमी ठेवा. टायर रिमवरून उतरायला लागला तर रिमला आरपार स्क्रू मारा, किंवा आत ट्यूब टाका, किंवा ट्रॅक्टरसारखं पाणी भरा. कंप्रेसर नसेल तर पेट्रोल शिंपडून काडी लावा, टायर फटकन बसतो.

हेतू चांगला आहे, म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं. पोरं हे खरंच करून बघतायत.

टायरच्या कडेला आत पोलादी तारांचं कडं असतं, त्याला आपण बीड म्हणतो. ते रिमवर घट्ट बसतं आणि आतली हवा त्याला रिमच्या उभ्या कडेवर दाबून धरते. म्हणजे पकड दोन गोष्टींची: मापाचा घट्टपणा आणि हवेचा दाब. कारमध्ये हवा ३० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास असते. पाण्यात तरंगणाऱ्या छोट्या सहा-आठ चाकी गाड्या दोन ते पाच पीएसआयवर चालतात. ३० च्या जागी ३ आले की दाबाची मदत दहावा हिस्सा उरते आणि उरलेला सगळा भार मापावर येतो. जुन्या, गंजलेल्या, एकदा ठोकून सरळ केलेल्या रिमवर हे माप जमत नाही, आणि मेसेजमध्ये रिमबद्दल एक अक्षर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या गाड्यांची पुढची चाकं स्टेअरिंगने वळत नाहीत. एका बाजूच्या चाकांना ब्रेक लागतो, दुसरी बाजू फिरत राहते आणि गाडी रणगाड्यासारखी जागेवर वळते. वळताना मधली चाकं फारशी घसटत नाहीत, पण सगळ्यात पुढची आणि सगळ्यात मागची चाकं आडवी फरफटत जातात. आपल्या काळ्या रानात, ओल्या चिकण मातीत, अशा चाकाच्या कुशीला मातीचा बांध तयार होतो. तो टायरला आडवा रेटतो, बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरतं आणि हवा एका दमात जाते. टायर उतरतो तो बहुतेक वेळा असा, आडव्या जोराने.

आता स्क्रू. रिमला स्क्रू मारायची पद्धत खोटी नाही. ड्रॅग रेसिंगवाले, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतराची शर्यत लावणारे, ती वापरतात, पण वेगळ्या कामासाठी: जोरात एक्सलरेटर दिल्यावर रिम टायरच्या आत गरगर फिरू नये म्हणून. बीड आडवं सरकू नये यासाठी चार टोकं पुरत नाहीत. जोर आला की रबर त्या टोकांवरून फाटतं. ट्यूबलेस टायरला प्रत्येक भोक म्हणजे गळतीची एक नवी जागा. आणि स्क्रू बीडच्या तारेत गेला तर खरं नुकसान तिथे होतं. टायर रिमवर धरून ठेवणारी तीच तार असते. ती तुटली तर बाहेरून काही दिसत नाही आणि पुढच्या वेळी हवा भरताना टायर फुटू शकतो, भरणाऱ्याच्या तोंडासमोर.

ट्यूबचं थोडक्यात. ट्यूब हवा धरते, बीड धरत नाही. कमी हवेत टायर रिमवर थोडाथोडा फिरतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकून मुळापासून फाटतो. स्क्रू आणि ट्यूब दोन्ही एकत्र करणाऱ्याला काय सांगायचं! ज्वारीची धसकटं आणि वेड्या बाभळीचे काटे ट्यूबचं जे करतात, ते आपल्या पंक्चरवाल्यांना विचारा.

पाणी भरण्याची कल्पना आली ट्रॅक्टरवरून. तिथे मागच्या टायरात पाऊणभर पाणी भरतात, कारण तिथे वजन हवं असतं. इथे गाडीला तरंगायचंय. पंचवीस इंच उंच, बारा इंच रुंद अशा एका टायरात साधारण ५० ते ६० लिटर जागा असते. आठ टायर पूर्ण बुडाले तर त्यांचीच उचल चारशे किलोच्या आसपास होते. पाऊणभर पाणी भरलं की त्यातली तीनशे किलोच्या आसपास उचल गेली. पुरात अडकलेली चार मोठी माणसं त्या वजनात बसतात.

हवा कायम कमी ठेवा, हाही सल्ला अर्धवट आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या पाण्यातून किनाऱ्यावर चढणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला सीटवरून हवा कमी-जास्त करायची सोय दिली होती, कारण वाळूला लागते ती हवा पक्क्या रस्त्याला चालत नाही. आपल्याकडे उन्हाचाही हिशोब धरावा लागतो. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या टायरातली हवा ६० अंशांवर असताना मीटर ४ दाखवत असेल, तर पाण्यात उतरून ती ३० अंशांवर आली की अडीचच्या आसपास उरते. तरंगताना टायरवर भार नसतो म्हणून हे कळत नाही. काठावर चढताना, वळण घेताना कळतं. म्हणून हवा सकाळी सावलीत मोजा. आणि गॅरेजातला मोठ्या आकड्यांचा मीटर यासाठी निरुपयोगी आहे, त्यावर २ आणि ४ मधला फरक वाचता येत नाही. शून्य ते दहा-पंधरा पीएसआयचा मीटर घ्या.

टायर खरोखर धरून ठेवायचा असेल तर बीडलॉक. रिमला बाहेरून एक कडं बोल्टांनी आवळतात आणि बीड त्या दोघांच्या मध्ये दाबलं जातं. एमआयडीसीत लेथवर हे काम होऊ शकतं, पण कडं सपाट हवं, बीडच्या जाडीशी जुळायला हवं, बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायला हवेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासायला हवेत. साधं बीडलॉक फक्त बाहेरचं बीड धरतं, तेव्हा आतल्या बाजूचं माप घट्ट हवंच. टायर आणि रिमवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा. रानात दोन-चार वळणं घेतल्यावर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर फिरतोय. ती गाडी हिप्परग्याच्या तलावात नेऊ नका.

राहिलं पेट्रोल. कृपा करून ही ओळ पुढे पाठवू नका. बंद जागेत वाफ आणि हवा यांचं प्रमाण जुळलं तर पेटल्यावर दाब सात-आठ पट होऊ शकतो, आणि किती शिंपडलं म्हणजे जुळतं हे कुणाच्याही हातात नसतं. जळून झाल्यावर आतली हवा थंड होते, दाब पडतो आणि नुकतंच बसलेलं बीड परत सुटू शकतं. न जळलेली वाफ आत राहिली आणि नंतर कुणी त्या रिमला वेल्डिंग लावलं तर काय होईल याचा विचार करा. टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंग तर पेट्रोल नसतानाही करायचं नाही. आतलं रबर तापून वायू सुटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

मोठा कंप्रेसर नसला तरी टायर बसतो. रिम तारेच्या ब्रशने घासून पुसा, बीडला साबणाचं पाणी लावा. टायरच्या घेरावर मधोमध रॅचेटचा (खटका ओढून घट्ट होणारा) पट्टा आवळा, म्हणजे दोन्ही कडा बाहेर फेकल्या जातात. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडा, ती झपकन आत जाते. बीड रिमला टेकलं की पट्टा सैल करा. बीड बसवताना जास्तीत जास्त किती हवा चालते ते बऱ्याच टायरांवर छापलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका आणि टायरवर वाकून उभे राहू नका. तेवढ्यात बसला नाही तर हवा काढा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा.