दुसरा भाग रेंगाळत नाही

लेखात म्हटलंय की फ्रिट्झ लांगच्या 'डी नीबेलुंगेन' या दोन भागांच्या जर्मन मूकपटाचा (१९२४) दुसरा भाग रेंगाळतो. मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या भागात राजकन्या क्रीमहिल्ड भावाच्या सरदारावर, हागेनवर, विश्वास ठेवून नवऱ्याच्या, म्हणजे सीगफ्रीडच्या, अंगरख्यावर, जिथे तो घायाळ होऊ शकतो नेमक्या त्या एकमेव मर्मस्थानी, खूण शिवते. हागेन त्याच खुणेवर भाला मारतो! नवऱ्याच्या मरणात आपलाच टाका होता, हे ओझं घेऊन ती दुसऱ्या भागात येते. जिथे रक्त सांडलं तिथली माती ती सोबत नेते, हूणांच्या राजाशी लग्न करते आणि सूडाची वाट पाहते. ती वाट पाहणंच तर सिनेमा आहे. क्रीमहिल्ड झालेल्या मार्गारेट शोनचा तो जवळजवळ न हलणारा चेहरा बघा, मूकपटातल्या संवादाच्या पाटीवरचा एकही शब्द लागत नाही. शेवटी तिचे भाऊ हागेनला तिच्या हवाली करत नाहीत, म्हणून तेही जिवानिशी जातात. त्या जळत्या दालनापाशी माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

पटकथाकार थेआ फॉन हार्बोऊ यांचा उल्लेख लेखात हवा होता. पुढे त्यांनी आपल्या बेळगावकडच्या पत्रकार अयि तेंडुलकरांशी लग्न केलं.

आणि कृपया गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीतासह असलेली प्रतच बघा.