ते ड्रम माणसानेच वाजवलेत!

‘ऐंशीच्या दशकातले ड्रम म्हणजे निव्वळ मशीन’ हे एका लेखातलं वाक्य वाचलं, अजिबात पटलं नाही. इंग्लिश गायक-ड्रमर फिल कॉलिन्सचं ‘इन द एअर टुनाइट’ (१९८१) हे गाणं घ्या. सुरुवातीची टकटक ड्रम मशीनची (ठोके आपोआप वाजवणाऱ्या यंत्राची), मान्य. पण साडेतीन मिनिटं ताटकळत ठेवून जे ड्रम धडाधड कोसळतात, ते त्याने स्वतः वाजवलेत. त्या आवाजाचा शोध लागला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, पीटर गॅब्रिएल या गायकाच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी. वादकांचं बोलणं ऐकायला टांगलेल्या माइकमधून ड्रम अचानक अवाढव्य ऐकू आले. ह्यू पॅजम या इंजिनिअरने तेच पकडलं आणि त्याचा घुमार मध्येच कापून टाकला. झालं, पुढे दशकभर सगळे त्याच्याच मागे. कॉपी केलेल्या घरघरत्या कॅसेटवरसुद्धा कॉलिन्सच्या गाण्यातल्या त्या जागेला आम्ही आवाज वाढवायचो (शेजारी भिंत ठोकायचे, तो वेगळा ताल).

आणि मशीन म्हणजे कमअस्सल, हेही कुणी ठरवलं? अमेरिकन गायक प्रिन्सच्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मध्ये (१९८४) सरळसरळ लिन कंपनीचं ड्रम मशीन आहे, वर बेस गिटारच नाही. तरी गाणं कुठे पोकळ वाटतं का सांगा. त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं ते!