खुलासा : व्हेरोनातला ऑपेरा दोन हजार वर्षांचा नाही

‘इटलीतल्या व्हेरोनाच्या अरेनात दोन हजार वर्षं अखंड ऑपेरा चालू आहे,’ असा मजकूर फोटोसह फिरतो आहे. फोटो खरा, मजकूर चुकीचा. दोन हजार वर्षांच्या घरातली आहे ती वास्तू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं हे रोमन क्रीडांगण; तिथे ग्लॅडिएटर झुंजायचे. ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, हा प्रकारच मुळी १६००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये आकाराला आला.

इथल्या ऑपेरा महोत्सवाची सुरुवात १० ऑगस्ट १९१३ची. संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त गायक जोव्हान्नी झेनातेल्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा ‘आयडा’ हा ऑपेरा उभा केला. (‘आयडा’चा अगदी पहिला प्रयोग १८७१चा, तोही कैरोतला.) ‘अखंड’ही खोटंच, दोन्ही महायुद्धांत खंड पडला, म्हणून शंभरावा महोत्सव २०२३ उजाडेपर्यंत थांबला.

खरं आकर्षण वयात नाहीच. विख्यात ऑपेरा गायिका मारिया कॅलासचं इटलीतलं पदार्पण इथलं, १९४७मध्ये ‘ला जोकोंदा’ या ऑपेरातून. उन्हाळ्यात लोक उघड्या आभाळाखाली दगडी पायऱ्यांवर बसतात, अंधारताना छोट्या मेणबत्त्या पेटवतात, आणि पाऊस आला की प्रयोग थांबतो. एवढं असताना वय फुगवायची गरज कुणाला वाटावी, कळत नाही!