दाजी, ती बॅटरी फोडायच्या आधी हे वाचा

गेला आठवडाभर एक व्हिडिओ फिरतोय, त्याच्याखाली हातभर लांबीचा मेसेज. 'घरच्या घरी शिसं ओता, शंभर टक्के सेफ, पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं.' जुनी बॅटरी फोडायची, आतल्या प्लेटा कढईत टाकून गॅसवर वितळवायच्या, साच्यात ओतायचं, की गळाची आणि फेकजाळ्याची वजनं फुकटात तयार. अमेरिकेत लोक छंद म्हणून बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात, त्यांचे व्हिडिओ कुणीतरी उचललेत, वर मराठी आवाज चढवलाय आणि खाली आजीबाईचा बटवा जोडलाय. इतके दिवस मी दुर्लक्ष केलं. पण परवा आमच्या दाजींचा फोन आला, भिलवडीहून. म्हणाले, "तू कुपवाडला फाऊंड्रीत असतोस, तुला ओतकाम कळतं, रविवारी ये की. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी काढून ठेवलीय, संध्याकाळी नदीवर गळ टाकायला जाऊ." ताईचं धाकटं पोर अजून रांगतंय, आणि हे स्वयंपाकघरात शिसं वितळवणार. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, जरा आवाज चढला, म्हणून आता लिहून सांगतो. ग्रुपवरच्या बाकीच्यांनीही वाचा, कारण एकानं तर करून फोटोही टाकलाय आणि खाली वीस जणांनी अंगठे दिलेत.

पहिला मुद्दा, 'शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि त्याची वाफ १७०० च्या पुढं होते, म्हणून घरच्या गॅसवर धूर होतच नाही.' हे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला मला जिवावर येतंय. आकडे बरोबर आहेत. नुसतं वितळण्यापुरतं तापवलं तर शिशाची वाफ फार कमी निघते, हेही खरं. पण तुमच्या शेगडीला ३२७ वर थांबायचं कळतं का? पातळ कढई, फुल गॅस, थर्मामीटर नाही, आणि ओतताना गोठू नये म्हणून माणूस अजून तापवत जातो. पाचशेच्या आसपास गेलं की धूर हा खरा प्रश्न होतो. आणि धूर बाजूला ठेवा, मेन भानगड त्या राखाडी मळाची आहे. शिसं वितळलं की वर दुधावर साय धरावी तसा थर येतो, तो पळीनं काढून कडेला टाकला की वाळून बारीक पूड होते. ती पूड ओट्यावर बसते, पोळपाटावर बसते, बाह्यांना लागते, फरशीवर पडते, आणि फरशीवर रांगणारं पोर हात तोंडात घालतं. दिसत नाही, वास येत नाही, खोकलाही येत नाही. शिशाचा बराचसा त्रास असा पोटातनं होतो. आणि तेवढंच शिसं पोटात गेलं तरी लहान पोराचं अंग ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं.

अमेरिकेतले जे लोक हे नीट करतात ते टेंपरेचर कंट्रोल असलेल्या इलेक्ट्रिक भांड्यात, स्वयंपाकघरापासून लांब, हवा खेळती ठेवून करतात. आणि त्यातले जाणते लोक नवख्याला पहिल्यांदा काय सांगतात माहितीये? बॅटरीच्या शिशाला हात लावू नको. व्हिडिओवाल्यानं नेमकं तेवढंच कापलं.

आता बॅटरी. सगळ्यात जास्त राग मला इथं आलाय. 'बॅटरीत शुद्ध शिसं असतं, फुकट मिळतं.' शुद्ध कसलं? प्लेटांवर जो लगदा असतो तो शिशाचा ऑक्साइड आणि सल्फेट, तो कढईत वितळत नाही, नुसता धूळ आणि मळ वाढवतो. जाळीत अँटिमनी असतं, कधी थोडं आर्सेनिक, मेंटेनन्स फ्री बॅटरीत कॅल्शियम. हे सगळं एकत्र तापवून जो मळ निघतो त्याला नंतर ओल लागली तर त्यातनं आर्सिन नावाचा विषारी वायू सुटू शकतो. आणि ह्या सगळ्याच्या आधी ॲसिड आहेच, ते मेसेजमध्ये 'अंगणात ओतून द्या' असं लिहिलंय. अंगणात! जिथं कोंबड्या फिरतात आणि तुळस आहे तिथं.

असं केल्यावर काय होतं त्याचं उदाहरण हवं असेल तर सेनेगल देशातल्या डाकार शहराजवळचं थियारोय-सुर-मेर बघा. तिथं लोक जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं काढायचे, त्या मातीत शिसं मुरलं, मग ती माती चाळून पोत्यात भरून घरी न्यायची आणि विकायची. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८, एवढ्या पाच महिन्यांत तिथली १८ लहान मुलं दगावली. मग जागतिक आरोग्य संघटनेची टीम गेली. मेलेल्या मुलांची भावंडं, आया, शेजारी असे ८१ लोक तपासले, एकूण एक विषबाधा झालेले. ज्या ५० मुलांचं रक्त घेतलं त्यांचं सरासरी प्रमाण डेसिलिटरला १२९.५ मायक्रोग्रॅम निघालं. अंदाज यावा म्हणून सांगतो, अमेरिकेत मुलाच्या रक्तात ३.५ सापडलं तरी लक्ष घालतात. मान्य, तो धंदा होता, तुमची एक बॅटरी आहे, माल कमी म्हणून विषही कमी. पण ती माणसं काय वेगळं करत होती? हेच, उघड्यावर, पोरं आसपास खेळत असताना. आणि ह्यात अमुक इतकं शिसं चालतं असा आकडाच नाही, ही संघटना स्पष्ट सांगते की सुरक्षित अशी पातळी माहीत नाही.

आणि फुकट कसली म्हणे? नवीन बॅटरी घेताना जुनी दिली की दुकानदार पैसे कमी करतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, गोळा करणाऱ्याकडं किंवा अधिकृत रिसायकलरकडंच जायला हवी. दाजी, तुम्ही तुमचेच पैसे फोडायला निघालाय.

आता आजीबाईचा बटवा. 'काम झाल्यावर हळदीचं दूध आणि गुळाचा खडा खा, शिसं लघवीवाटे उतरतं.' हे वाचून आमच्या सांगलीकरांना बरं वाटणारच, हळद आमची, गूळ पण घरचा, म्हणजे औषध पण आमचंच! पण शिसं काय खोकला आहे का? ते रक्तातनं हाडांत जाऊन बसतं, शरीराला वाटतं कॅल्शियमच आलंय, आणि तिथं वर्षानुवर्षं राहतं. बाईच्या हाडात साठलेलं शिसं गरोदरपणात परत रक्तात उतरतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. ते बाहेर काढायची औषधं हॉस्पिटलात देतात, तीही प्रमाण बरंच वाढल्यावर आणि रक्त तपासत-तपासत. त्याच्या आधीचा उपाय एकच, शिसं जिथनं येतंय ते बंद करणं. हळदीचं म्हणाल तर अजून एक ऐका. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिलं की हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच पिवळा रंग, लावत होते आणि हळदीतनंच लोकांच्या पोटात शिसं जात होतं. सांगलीच्या मार्केटवर मी काही आरोप करत नाहीये, पण हळद म्हटली की विष उतरलंच, असं काही नसतं एवढंच. दूध प्या, चांगलं असतं. पोट भरलेलं असेल आणि अंगात कॅल्शियम, लोह पुरेसं असेल तर शिसं थोडं कमी शोषलं जातं, तेवढीच त्यात खरी गोष्ट. आत गेलेलं त्यानं बाहेर येत नाही.

'ओला गमछा तोंडाला बांधा.' नाही चालत, इतके बारीक कण अडवायचे मास्क वेगळे येतात. पुढचं.

'पूर्वी कल्हईवाले दारात बसून हेच करायचे, कोण मेलं?' अहो, कल्हई कथिलाची असते. कथील २३२ डिग्रीला वितळतं, वर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचा. तो वेगळा धातू आहे! आता काही कल्हईवाले कथिलात शिसं मिसळायचे हे मलाही माहितीये, पण ती भेसळ होती, पद्धत नव्हती.

पाण्याचं मात्र नीट सांगतो, कारण ते आम्ही रोज बघतो. व्हिडिओत तो बाबा ओल्या हातानं साचा पुसतो आणि लगेच ओततो. आमच्याकडं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात, शिसं नाही, पण नियम तोच, पळी आधी तापवून घेतल्याशिवाय धातूत बुडवायची नाही, साधं वाटतं पण त्यावर आमचे जुने मिस्त्री शिव्या घालतात. पळीवर थेंब सोडा, नुसती दमट हवा बसली असली तरी ती धातूखाली सापडते, पाण्याची वाफ झाली की जागा सतराशे पट लागते, आणि ती जागा करायला वरचा धातू उडतो. तो उडतो ते सरळ तोंडाकडं, कारण आपण वाकून बघत असतो. शिसं कातडीला चिकटतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही. डोळ्यात गेलं तर बोलायलाच नको.

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, 'ह्याच पद्धतीनं एअरगनचे छर्रे आणि बंदुकीच्या गोळ्यापण होतात.' लिहिणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा फिकीर नाही. अमेरिकेत चालतं ते त्यांचं ते बघतील. आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे, लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हौस म्हणून केलं हे पोलीस स्टेशनात सांगत बसायचं का?

ज्यानं फोटो टाकलाय त्याच्यासाठी: ती जागा झाडूनं झाडू नका, पूड उडते. ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसा, फडकं आणि मळ पिशवीत बांधून पोरांपासून लांब ठेवा, कपडे वेगळे धुवा, ती कढई आणि पळी परत स्वयंपाकाला वापरू नका, कितीही घासली तरी. आणि रक्तातल्या शिशाची टेस्ट वेगळी असते, नेहमीच्या रक्ततपासणीत, सीबीसीत, ते दिसत नाही, डॉक्टरला 'ब्लड लेड' म्हणून सांगावं लागतं. मिरजेत एवढे डॉक्टर आहेत, कुणालाही विचारा. घरात लहान मूल असेल तर आधी त्याची करा.

आणि दाजी, गळाला वजन शिशाचंच कशाला पाहिजे? ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाची छोटी शिशाची वजनं बंद आहेत, नदीत पडलेली वजनं गिळून हंस मरत होते म्हणून. आपल्याकडं कृष्णेत काय हंस नाहीत, पण बदकं-बगळे आहेत, आणि पाणी आपणच पितो. मी येताना फाऊंड्रीतनं डबाभर लोखंडी नट आणतो, दोरीला बांधले की झालं, अडकून तुटले तरी हळहळ नाही. रविवारी येतोय. बॅटरी मी येईपर्यंत गोठ्यात उभी ठेवा, आडवी करू नका, ॲसिड सांडतं.