दात नसलेला आयोग हवाच कशाला?

"शहराचा स्वतःचा मानवी हक्क आयोग, तोही बिनपगारी माणसांचा, फक्त सल्ला देणारा? त्याला विचारतो कोण?" बंड्याने विषय एका दमात निकालात काढला आणि तिथेच जुंपली.

निमित्त त्याच्या भाच्याचं. तो सिएटलला नोकरीला असतो, सध्या ठाण्यात आलाय. सिएटलच्या नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. सहा विरुद्ध एक असा निकाल लागला. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या, त्यामुळे तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही बातमी आली होती. इथवर कट्ट्यावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाच्याने पुढचं सांगितलं, ते बातम्यांत फारसं आलं नव्हतं.

"मामा, कायद्यात 'जात' हा शब्द आला, पण मुद्दा तेवढाच नाही. तक्रार घ्यायला तिथे शहराचं स्वतःचं नागरी हक्क कार्यालय आहे. मालकाने बढती नाकारली, घरमालकाने घर नाकारलं, हॉटेलवाल्याने आत घेतलं नाही, तर तिथे जाऊन लिहून द्यायचं. पगारी कर्मचारी चौकशी करतात. आणि त्याच्या जोडीला मानवी हक्क आयोग, शहरातल्याच नागरिकांमधून नेमलेला. तो महापौरांना आणि परिषदेला सल्ला देतो, लोकांचं ऐकून घेतो. कार्यालय म्हणालं की 'भेदभाव झाल्याचं दिसत नाही', तर त्यावरचं अपीलही आयोगाकडे जातं."

"म्हणजे अगदीच बिनदाताचा नाही," सुमाताई म्हणाल्या.

वकील इतका वेळ गप्प होता. "आपल्याकडे काय आहे ते आधी बघा. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्याखाली राज्याचा आयोग आहे, मुंबईत. पण तो बघतो सरकारी नोकराने केलेलं उल्लंघन, किंवा ते थांबवण्यात त्याने केलेली हयगय. पोलिसाने मारलं, तर आयोग. सोसायटीने आडनाव विचारून फ्लॅट नाकारला, तर तो आयोग काय करणार? शिवाय घटनेला एक वर्ष उलटलं की तक्रारच घेत नाहीत. आणि चौकशीअंती करायची ती शिफारस."

फ्लॅटचं नाव निघाल्यावर कोणीच काही बोललं नाही. आमच्यातल्या दोघांना हे प्रश्न विचारले गेलेत. नोकरी कुठे, गाव कुठलं, खाणंपिणं काय, आणि मग 'मालकांशी बोलून कळवतो'. ते कळवणं कधी येत नाही. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण दोन्ही फौजदारी. 'कळवतो' म्हणणाऱ्या माणसावर पोलीस ठाण्यात काय लिहून देणार? पोलीस ठाणं आणि गप्प बसणं यांच्यामध्ये शहरात एखादी तरी जागा असायला हवी. माझं म्हणणं एवढंच होतं आणि अजूनही तेच आहे.

मास्तरांना ते पटलं नाही. "तिथे विरोध करणारेही आपलेच लोक होते. त्यांचं म्हणणं, एका समाजाकडे बोट दाखवलं जातंय. ऑफिसात प्रत्येक भारतीयाकडे संशयाने बघतील. हे उडवून लावू नका."

उडवून कोणी लावलं नाही. भाचा म्हणाला की त्याच्या ओळखीतल्या चांगल्या माणसांनाही ही धास्ती होती. पण कायद्यातली व्याख्या वाचली तर तिच्यात कुठल्या धर्माचं किंवा देशाचं नाव नाही. जन्माने ठरणारा दर्जा, जातीतच लग्न आणि रूढीने, कायद्याने वा धर्माने मान्य केलेल्या सामाजिक भिंती, असं तिचं स्वरूप आहे. वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांच्या यादीत एक भर पडली. माझ्या मते मास्तरांच्या शंकेला उत्तरही त्या कार्यालयातच आहे. आरोप कुजबुजीत राहिला तर सगळ्यांवर शिंतोडे उडतात. लेखी तक्रार, दोन्ही बाजू, कागदपत्रं आणि वर अपील असलं की ज्याने काही केलेलं नाही त्यालाही ते सांगायला जागा मिळते.

सुमाताई म्हणाल्या, "१९१७ साली बाबासाहेब कोलंबियातून आणि लंडनमधून शिकून बडोद्याला नोकरीवर आले. राहायला खोली मिळेना. पारशी सराईत ओळख लपवून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्या दिवशी बडोद्यात त्यांनी कोणाच्या दारात जायचं होतं? संस्थानाचा अधिकारी होता तो माणूस!"

यावर बंड्या म्हणाला, "बरोबर आहे ताई. पण आयोग असता तरी त्याने काय केलं असतं? पत्र पाठवलं असतं."

मग भाच्याने सिएटलचाच जुना इतिहास काढला. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे कृष्णवर्णीयांना घरं मिळत ती मुख्यतः सेंट्रल डिस्ट्रिक्ट नावाच्या एका भागात. इतर अनेक वस्त्यांच्या खरेदीखतांतच 'गोऱ्यांशिवाय कोणाला विकू नये' अशी अट असायची. १९६३ मध्ये शहराने मानवी हक्क आयोग नेमला. घर विकताना वा भाड्याने देताना वंश बघायला बंदी करणारा मसुदा या आयोगाने तयार केला. परिषदेने तो स्वतः मंजूर न करता लोकांच्या मतदानाला टाकला. १० मार्च १९६४ रोजी मतदारांनी तो दोनास एकाहून मोठ्या फरकाने फेटाळला.

"बघ!" बंड्या म्हणाला.

"पुढे ऐका ना मामा. १९६७ मध्ये सॅम स्मिथ हे परिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि १९ एप्रिलला परिषदेने तसाच कायदा एकमताने मंजूर केला."

त्या दोन आठवड्यांत कायदा शून्यातून उभा राहिला नव्हता. आधीच्या पाच वर्षांत मसुदा लिहून झाला होता, त्यावर जाहीर वाद झाला होता, पराभवही पचवून झाला होता. हक्काचा प्रश्न बहुमतावर सोडला तर अल्पसंख्य कायम हरणार. तो हरल्यावरही कोणीतरी कागद जपून ठेवावा लागतो. निवडून आलेला माणूस पुढच्या निवडणुकीकडे बघतो. हे काम त्याच्याकडून होत नाही.

वकिलाने आता खिशातून जुना हिशेब काढावा तसा मुद्दा काढला. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात महापालिकांकडे सोपवता येणारी १८ कामं आहेत. रस्ते, पाणी, स्मशानं सगळ्यांना माहीत. पण त्याच यादीत अपंगांसह समाजातल्या दुर्बल घटकांच्या हितांचं रक्षण हेही आहे. महिला व बालकल्याण समिती महापालिकेत असते. भेदभावाच्या तक्रारी ऐकणारी समिती असायला घटनेची आडकाठी नाही. मालकाला दंड करायचे अधिकार द्यायचे तर विधानसभेत कायदा लागेल, पण ऐकून घेणं, नोंदवणं, वर्षाला सभागृहापुढे अहवाल ठेवणं एवढं तर आजही करता येईल.

"आणि त्या समितीवर नगरसेवकांचे मेहुणे बसतील," बंड्या म्हणाला. हा त्याचा खरा आक्षेप होता, आणि तो रास्त होता.

भाचा म्हणाला, हे तिथेही घडलं. १९६३ च्या त्या आयोगावर बारा जण घ्यायचे ठरले, त्यात कृष्णवर्णीय फक्त दोन. १ जुलैला सेंट्रल डिस्ट्रिक्टमधली तरुण पोरं महापौरांच्या कार्यालयात ठाण मांडून बसली. आयोग नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ज्यांना घरं नाकारली जातात त्यांना त्यात पुरेशा खुर्च्या हव्यात, हे म्हणणं होतं.

सुमाताईंनी वकिलाला सांगितलं, मागणीचा कागद लिहायचा तर पहिलं कलम हेच हवं, सदस्य कोण आणि ते कोण निवडणार. बंड्याने दुसरं कलम सुचवलं: अहवाल सभागृहात वाचलाच पाहिजे, नुसता 'पटलावर ठेवला' चालणार नाही.