हायवे ६१ आणि काकांची पेटी

आषाढीच्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने एक व्हिडिओ टाकला. पुण्यातली कॉलेजची चार मुलं, इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स आणि तुकोबांचा अभंग. अर्ध्या तासात ग्रुपमध्ये दोन तट पडले. साताऱ्याच्या काकांनी लिहिलं, "गळ्यात वीणा असते रे, हे काय अडकवलंय?" भाची म्हणाली, "काका, निदान अभंग तरी गातायत." मग काकांनी मला ओढलं, "तू तिकडे राहतोस ना, तूच सांग. तिथले लोक आपल्या परंपरेचे असे हाल करतात का?"

काकांना ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, कारण असं भांडण ज्याच्यावरून सगळ्यात कडाक्याचं झालं, त्या माणसाच्या रस्त्याजवळच मी राहतो. माझं घर अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलजवळ. हायवे ६१ इथून वीस मिनिटांवर. मिसिसिपी नदीच्या सोबतीने तो खाली न्यू ऑर्लिन्सपर्यंत जातो, सुमारे १४०० मैल. या रस्त्याचं नाव अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने १९६५ साली आपल्या अल्बमला दिलं, 'हायवे ६१ रिव्हिजिटेड'. त्या काळी हा रस्ता वर डुलुथवरून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत जायचा. डिलन त्याच डुलुथला जन्मला, १९४१ साली, आणि वाढला हिबिंग नावाच्या लोखंडाच्या खाणीच्या गावात.

डिलनने गिटारला वीज जोडली तेव्हा तो लोकगीतं सोडून पळाला, असा आरोप झाला. काकांना मी आधी हेच सांगितलं, की हा माणूस पळाला नव्हता. शाळेत असताना तो रॉक अँड रोलच वाजवायचा. शाळेच्या १९५९च्या वार्षिक अंकात त्याच्या नावापुढे महत्त्वाकांक्षा छापली आहे ती रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डबरोबर वाजवण्याची. लोकगीतं त्यानंतरची. मिनियापोलिसला विद्यापीठात आला, तिथल्या कॉफीच्या दुकानांमधून गायला लागला, लोकगायक वुडी गथ्रीच्या गाण्यांनी झपाटला आणि १९६१च्या जानेवारीत न्यू यॉर्कला गेला. दोन-अडीच वर्षांत तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा आवाज झाला. २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनच्या मोर्चात तो गायला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. एक गिटार, एक माउथऑर्गन आणि शब्द. ते गाणं ऐकणाऱ्यांना नुसती करमणूक वाटत नव्हतं, त्यांची त्यावर श्रद्धा होती. वारीत चालणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग २५ जुलै १९६५. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन, मागे अख्खा बँड घेऊन उभा राहिला. तीन गाणी झाली आणि हुर्यो उडाली. शेवटी साधी गिटार घेऊन एकट्याने दोन गाणी म्हटली, तेव्हा लोक निवले. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला तर प्रेक्षागृहातून कुणीतरी ओरडलं, "जूडास!" ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याचं नाव. यापेक्षा मोठी शिवी त्या लोकांकडे नाही.

ओरडणारे मूर्ख होते असं आता इकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. न्यूपोर्टला पीट सीगर चिडला होता. लोकसंगीतासाठी आयुष्य वेचलेला माणूस. हातात कुऱ्हाड असती तर केबल तोडून टाकली असती, असं तो म्हणाला होता. पण कारण काय? विजेवरच्या वाद्यांवर राग नव्हता, असं त्याने पुढे स्पष्ट केलं. आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, आणि शब्द त्याला फार मोलाचे वाटत होते.

आमच्या घरच्या भांडणात हीच गाठ आहे. काकांचं घर विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे. दरवर्षी डीजेच्या भिंती दारावरून जातात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, काकू कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात. त्या रात्रीचा सगळा संताप काकांनी त्या चार मुलांवर काढला. मी तो व्हिडिओ दोनदा ऐकला. तुकोबांचा एकेक शब्द स्वच्छ कळतो.

डिलनच्या अल्बमचंही तेच. न्यूपोर्टनंतर पाच आठवड्यांनी, ३० ऑगस्टला तो बाहेर आला. नऊ गाणी. पहिलंच गाणं, 'लाइक अ रोलिंग स्टोन', सहा मिनिटांहून मोठं. ड्रमवर एक सणसणीत ठोका पडतो आणि सगळी वाद्यं एकदम उघडतात. पण आवाज कितीही चढला तरी शब्द त्यात बुडत नाहीत. शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं आणि त्यात साध्याच गिटारी आहेत. जुनं टाकून दिलं असतं तर ते तिथे कशाला ठेवलं असतं?

रविवारी काकांना फोन लावला आणि ते पहिलं गाणं स्पीकरवर ऐकवलं. इंग्रजी शब्द त्यांना फारसे लागले नाहीत. पण दोन मिनिटांत म्हणाले, "ही पेटी कोण वाजवतंय? जरा मागे पडतोय." काकांनी चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवली आहे. त्यांचा कान फसत नाही. वाजवणारा अल कूपर, एकवीस वर्षांचा, मूळचा गिटारवाला. ऑर्गनवर जागा रिकामी दिसली म्हणून जाऊन बसला. बाकीचे सूर बदलले की ते ऐकून मगच बोट टेकवायचा, म्हणून किंचित मागे. निर्मात्याने हरकत घेतली, तर डिलन म्हणाला, ऑर्गनचा आवाज वाढवा.

मग मी म्हणालो, "काका, पेटी तरी आपली कुठे होती?" ती युरोपातून आली. आमच्या संगीत नाटकांनी ऑर्गन आपलासा केला, पण आकाशवाणीने १९४० साली पेटीला दारं बंद केली ती तब्बल तीस वर्षं. भारतीय संगीताला ती मानवत नाही, तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, निघत नाही, म्हणून. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरंय. पण पेटी आपल्याकडे येऊन शिकली रे. गायकाच्या मागे चालायला शिकली. या पोरांची गिटार शिकेल?" हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याचं उत्तर ग्रुपवर मिळणार नाही. ती मुलं दहा वर्षं वाजवत राहिली तर मिळेल.

मला स्वतःबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमच्याच मुलांनी बेस आणि ड्रम्सवर अभंग म्हणायची परवानगी मागितली होती. माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये बेस वाजवते आणि अभंग तिला तिच्या आजीने व्हिडिओ कॉलवर शिकवलाय. समितीत पहिला नकार माझा होता. मी १९९८ साली घर सोडलं. पेठेतली आरती, टाळ, गॅसबत्तीखाली बसलेले भजनी, हे सगळं मी तेव्हा जसं पाहिलं तसंच इथल्या हॉलमध्ये मला हवं होतं. साताऱ्याचे काका निदान समोर चाललेल्या बदलाशी भांडतात. मी माझ्या आठवणीसाठी पोरांची तोंडं बंद केली. मुलगी काही बोलली नाही, पण त्या वर्षी कार्यक्रमाला आली नाही.

यंदा त्यांना वीस मिनिटं दिली आहेत. काकांनी फोनवर तिला दोन गोष्टी बजावल्या, लय पळवू नकोस आणि चरण संपल्याशिवाय हात उचलू नकोस. आवाजाची जबाबदारी मी घेतली आहे. पोरं तालमीला उभी राहिली की मी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसणार आहे, तुकोबा तिथवर पोहोचतात का ते ऐकायला.